करंगळीची चूक

शिवाजीनगर कोर्टाच्या फाटकाबाहेर माझं टेबल,
एक काळी छत्री, एक रेमिंग्टन,
पानाला तीन रुपये, कार्बनचे वेगळे.
पानसे वकील उभ्याउभ्या मजकूर सांगायचे,
मी बडवत जायची.
अर्थ लागावा म्हणून कुणी जादा पैसे देत नाही.

त्या दिवशी बोपोडीचे भालेकर आले, जोडीनं.
ते खडकीच्या दारूगोळा कारखान्यात.
बाईंचा हात एका पाच वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर.
सोलापूरच्या संस्थेतून आणलेली.
हात ठेवायच्या, काढायच्या,
परत ठेवायच्या.

अर्जात कामाचं वाक्य एकच :
सदर दांपत्य या बालिकेस अडॉप्ट करू इच्छिते.
मी टाइप केलं, अडॅप्ट.
वर मूळ प्रत, खाली दोन कार्बन,
म्हणजे एका दणक्यात तीनदा.

वकील भडकले.
"कुलथेबाई, पोर म्हणजे काय मिक्सरची पिन आहे,
अडॅप्टर लावून भिंतीत बसवायला?"
शेजारचा स्टँपवाला हसला.
मी म्हटलं, बोट घसरलं.

खोटं बोलले.
कळफलकावर ए आणि ओ शेजारी राहत नाहीत.
ए पार डावीकडे, करंगळीखाली.
ओ उजवीकडे वरच्या ओळीत, अनामिकेच्या वाट्याला.
मधे अक्षरांची अख्खी पेठ आहे,
इतक्या लांब बोट घसरत नाही.

मी नगरहून लग्न करून इथे आले
तेव्हा पहिल्या आठवड्यात माझं नाव बदललं,
दुसऱ्या आठवड्यात आमटीत गूळ घालायला शिकले,
'आलेय' म्हणायला, 'आलीया' न म्हणायला शिकले.
त्याचा अर्ज कुणी केला नव्हता.
करंगळीला ते माहीत असावं.

भालेकरांनी हळूच विचारलं,
"काय फरक पडतो, ताई?"
मी पाठकोऱ्या कागदावर मराठीत लिहून दाखवलं.
दोघींच्या डोक्यावर अर्धचंद्र आहे, बघा.
एकीला टेकायला काना आहे,
दुसरीला नाही.
"एकात आपण तिला घेतो.
दुसऱ्यात जुळवून घ्यायचं असतं."
"कुणी?" बाईंनी विचारलं.

पानसे वकिलांनी घड्याळ बघितलं.

टेबलाखालून आवाज आला.
पोरगी माझ्या सांडलेल्या टाचण्या गोळा करत होती, मोजत होती :
ओकटी, रेंडू, मूडू.
विणकरांच्या गल्लीतली तेलुगू, कुणी शिकवली कोण जाणे,
संस्थेच्या फायलीत 'भाषा' या रकान्यापुढे
मराठी लिहिलं होतं.
भालेकर खाली बसले, फुटपाथवर,
कोर्टासाठी घातलेल्या कडक इस्त्रीच्या पँटीसकट.
"ओकटी," ते म्हणाले.
"रेंडी."
"रेंडू," ती म्हणाली, जरा रागावून.
"रेंडू."

मी पांढऱ्या शाईची बाटली काढली,
ए बुजवला.
ही शाई वाळायला वेळ घेते. घाई केली तर
नवं अक्षर जुन्यात रुततं,
आणि कागदावर कुणाचंच धड काही उरत नाही.
मी फुंकर घालत होते,
तर ती टेबलाच्या कडेला हनुवटी लावून
माझ्याबरोबर फुंकायला लागली,
गाल फुगवून, थुंकी उडवत.
वकील म्हणाले, सही व्हायची आहे अजून,
दोन वाजता जज्ज उठतात.

मूळ प्रतीवर ओ बसला. नीट, गोल.
ऑफिसच्या कार्बनवर पेनानं गिरवला.
तिसरी प्रत भालेकरांची, घरी ठेवायची.
ती मी तशीच घडी घालून दिली.
विसरले नव्हते.

वकिलांनी चुकीचे तीन रुपये कापले.
भालेकर टाचण्या परत करायला आले, ओंजळीत,
आणि अडखळले,
चारला काय म्हणतात ते अजून
तिनं त्यांना सांगितलं नव्हतं.